१५ वर्षे झालेल्या गाडीचे रिपासिंग (नोंदणीचे नूतनीकरण), बडोदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीला १५ वर्षे झाली. आता ती भंगारातच द्यावी लागणार का?

नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे ती दर वेळी ५ वर्षांनी वाढवता येते. गाडी तपासणीत पास होत राहिली तर वीस, पंचवीस, तीस वर्षेही रस्त्यावर ठेवता येते. टीव्हीवर ऐकू येणारी "१० वर्षांची डिझेल, १५ वर्षांची पेट्रोल" ही भानगड दिल्ली आणि एनसीआरची आहे, गुजरातची नाही. मात्र जुनी गाडी घेऊन त्या बाजूला जाणार असाल तर निघण्यापूर्वी तिथला त्या वेळचा नियम जरूर पाहा. एनसीआर म्हणजे फक्त दिल्ली नव्हे. गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा आणि राजस्थानातले अलवर, भरतपूर हे जिल्हेही त्यातच येतात.

अर्ज कधी करायचा?

आरसीवर नोंदणीची जी शेवटची तारीख छापलेली आहे, तिच्या आधीच्या ६० दिवसांत. त्यापूर्वी अर्ज घेतला जात नाही. हे ६० दिवस नुसते फॉर्म भरायला लागतात असे समजू नका. गाडी तपासून घेणे, कागद दुरुस्त करणे आणि सीएनजी असेल तर सिलिंडरची चाचणी, हे सगळे त्यातच बसवायचे असते. गॅरेजचे काम तर त्याहीआधी सुरू केलेले बरे. शेवटच्या आठवड्यात धावाधाव करणाऱ्याची गाडी एकदा नापास झाली की तारीख उलटलीच म्हणून समजा.

फी किती?

१५ ते २० वर्षांच्या देशी बनावटीच्या कारसाठी नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आणि दुचाकीसाठी १,००० रुपये आहे. हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे. गाडी २० वर्षांच्या पुढे गेली असेल तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार कारला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये लागतात. आयात केलेल्या कारची गोष्टच वेगळी: २० वर्षांपुढे ८०,००० रुपये. तपासणीची फी आणि स्मार्ट कार्डाचे पैसे याव्यतिरिक्त. एकूण आकडा अर्ज भरताना पोर्टलच दाखवते, त्यामुळे कोणी तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

उशीर झाला तर कारला दर महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये जादा. महिन्याचा एक दिवस जरी उलटला तरी तो पूर्ण महिना धरला जातो. सहा महिने आणि चार दिवसांचा उशीर म्हणजे सात महिने, म्हणजेच कारला ३,५०० रुपये.

अर्जाची पद्धत काय?

परिवहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये गुजरात निवडा आणि गाडीचा नंबर व चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाका. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. जुन्या गाडीची पहिली अडचण इथेच येते, कारण २००९-१० साली दिलेला मोबाइल नंबर आज बंद असतो किंवा तेव्हा नोंदवलेलाच नसतो. त्यामुळे आधी मोबाइल नंबर बदलून घ्या. मग नोंदणी नूतनीकरण निवडून फॉर्म २५ भरा, फी भरा आणि तपासणीचा स्लॉट घ्या. तपासणी कुठे आहे, आरटीओच्या मैदानावर की स्वयंचलित केंद्रावर, हे पावतीवर लिहिलेले असते. न वाचता सरळ दरजीपुऱ्याच्या आरटीओत जाऊन परत येऊ नका.

बरोबर न्यायचे कागद: मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पॅन आणि आधारची प्रत, फॉर्म २५ ची सही केलेली प्रत, फीची पावती, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. सीएनजी असेल तर सिलिंडर चाचणीचे प्रमाणपत्र. ई-चलन थकले असेल तर ते आधी भरा, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही.

जुन्या गाडीला विमा कंपनी फुल इन्शुरन्स देत नाही. चालेल का?

चालेल. कायद्याला थर्ड पार्टी पुरेसा आहे. २०२२ पासूनचा मूळ हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे, वर जीएसटी.

चेसिस नंबरचा ठसा कसा घ्यायचा? नंबर दिसतच नाही.

मारुती ८०० आणि अल्टोमध्ये तो बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर कोरलेला असतो. इतर गाड्यांत पुढच्या सीटखाली किंवा दाराच्या खांबाजवळ शोधा, जागा मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. नंबरावर रंग, ग्रीस किंवा गंज चढलेला असतो. तो केरोसीन आणि कपड्याने काढायचा. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. आकड्यांची कड एकदा घासली गेली की नंबरात छेडछाड झाल्याचा संशय येतो आणि साध्या पासिंगचे लांबलचक प्रकरण होते. जागा कोरडी झाल्यावर पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट लावून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. सतराही अक्षरे वाचता आली पाहिजेत.

तपासणीत नेमके काय पाहतात?

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, काचा, सीट बेल्ट, सायलेन्सर, धूर, स्पीडोमीटर, नंबर प्लेट आणि सांगाड्याची एकूण अवस्था. स्वयंचलित केंद्रात ब्रेक रोलरवर मोजतात, हेडलाइटचा झोत यंत्रावर पाहतात आणि सांध्यांची ढिलाई खालून हलवून बघतात. तिथे "चालतंय की" हा मुद्दा टिकत नाही, कारण यंत्र डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजते.

नियमातले काही आकडे घरीच पडताळता येतात. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला. टायर फक्त आतल्या कडेने झिजला असेल तर नुसता टायर बदलून भागत नाही. अलाइनमेंट किंवा खालचा बॉल जॉइंट गेलेला असतो. स्टिअरिंगची मोकळी फिरकी ३० अंशांपेक्षा जास्त नको. चाके सरळ ठेवून स्टिअरिंग हलके डावी-उजवीकडे फिरवा. चाक हलायला लागण्याआधी स्टिअरिंगची कड बोटभराहून जास्त सरकत असेल तर तपासणीची वाट न पाहता गॅरेज गाठा. समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. काळी फिल्म असेल तर ती आधीच काढा.

समोर लावलेला लोखंडी बुल बार, प्रेशर हॉर्न आणि रंगीत दिवेही काढून जा. साधी नंबर प्लेट असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट बसवून घ्या.

सर्वांत जास्त गाड्या कशावर अडकतात?

ब्रेक आणि दिवे.

ब्रेकमध्ये बहुधा मागची चाके दगा देतात. पुढचे पॅड आवाज करतात म्हणून बदलले जातात. मागचे ड्रम मात्र कोणी वर्षानुवर्षे उघडत नाही. उघडल्यावर एका बाजूचा व्हील सिलिंडर गळून लायनर तेलकट झालेला दिसतो. मग त्या बाजूचा ब्रेक लागत नाही आणि दोन चाकांत फरक पडतो. तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणे ही फसवणूक आहे. गरम झाल्यावर आतले तेल पुन्हा वर येते. दोन्ही बाजूंचे लायनर आणि दोन्ही व्हील सिलिंडर जोडीनेच बदला. ड्रमला धार आली असेल तर लेथवर घासून घ्या. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे घासू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे. डॉट ३ ची बाटली आणायची की डॉट ४ ची, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर वाचून घ्या. हँडब्रेकची केबल न वापरल्याने आवरणातच जाम होते. चढावर हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रल करून गाडी थांबते का, हे पाहण्याला एक मिनिट पुरते.

दिव्यांची गोष्ट जास्त बारकाईची. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो किंवा पार्किंग लाइटही लुकलुकते, असे असेल तर बल्ब बदलत बसू नका. मागच्या दिव्याचे अर्थिंग (बॉडीला जोडलेली वायर) गंजलेले आहे. दिव्याची वाटी काढा, काळी किंवा तपकिरी वायर बॉडीला जिथे स्क्रूने बसवली आहे ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, रिंग टर्मिनल नवे लावा आणि वर थोडे ग्रीस फासा. खर्च चहाच्या पैशांत होतो. हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर ८००, मग १,५००, मग २,००० नंबरचा ओला पॉलिश पेपर फिरवून पॉलिश करा आणि वर ऊन सोसणारा पारदर्शक लॅकर मारा. लॅकर मारला नाही तर बडोद्याच्या एका उन्हाळ्यात काच पुन्हा पिवळी होते. बल्ब कंपनीने दिलेल्या वॉटचाच ठेवा. जिथे एच४ बल्ब आहे तिथे ६०/५५. जास्त वॉटचा बल्ब होल्डर वितळवतो, आणि हॅलोजनच्या वाटीत एलईडी बल्ब घातला की झोत फाकतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि यंत्रावर नापास होतो.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात गाडी पाण्यात होती. तेव्हा दुरुस्त करून घेतली, आता ठीक चालते. काही पाहावे का?

पाहायलाच हवे. विश्वामित्री नदीचे पाणी नुसते पाणी नसते. त्यात गाळ असतो, आणि तो बंद जागांत बसून राहतो. गाडी चालू होते म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण गंज आतून आपले काम करत असतो.

सीटखालचे कार्पेट उचला. खालचा फेल्ट ओलसर किंवा कुबट वासाचा असेल तर तो फाडून टाका आणि पत्रा उघडा करा. मोठ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर, दाराखालचा पट्टा, जॅक लावायच्या जागा आणि पुढच्या शॉकअपच्या वरच्या टोकाभोवती ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला बद्द आवाज देतो. शंका आली तर चुंबक लावा. पुटी भरून रंगवलेल्या जागी तो धरत नाही. शॉकअपच्या बैठकीपाशी किंवा सीट बेल्ट जिथे बोल्टने बसवला आहे तिथे पत्रा सडला असेल तर फायबर-पुटी लावून पासिंगला नेणे हा स्वतःच्याच जिवाशी खेळ आहे. तिथे कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीचे टर्मिनल आणि शक्य असेल तर इंजिन कॉम्प्युटरचा जोड काढायला सांगा.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडा. अर्ध्यात अडकला तर रीळमध्ये गाळ आहे. रीळला तेल घालू नका, बदला. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळ्या क्लिपच्या जागी आधी गंजतात. प्रत्येक क्लिप सरकवून तिच्याखालची नळी बघा.

सीएनजी किट आहे. वेगळे काय लागते?

बडोद्यात हा प्रश्न जवळपास प्रत्येक जुन्या गाडीला लागू होतो. म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" लिहिले आहे का? नंतर बसवलेल्या किटची नोंद पुष्कळदा राहून गेलेली असते. नोंद नसेल तर किटचे बिल, मान्यताप्राप्त किट असल्याचा दाखला आणि बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचे प्रमाणपत्र देऊन नोंद करून घ्या. हे कागद सापडत नसतील तर किट उतरवून पेट्रोलवर तपासणीला जाणे एवढाच मार्ग उरतो.

दुसरी, सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी सक्तीची आहे. मागच्या चाचणीचा महिना आणि वर्ष सिलिंडरच्या मानेजवळ ठोकलेले असते. सिलिंडर स्टेपनीच्या बाजूला फिरवून बसवलेला असेल तर तिथपर्यंत आरसा आणि टॉर्च घेऊनच पोचता येते. चाचणी पेसोची (स्फोटके आणि गॅस सिलिंडर यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता असलेल्या केंद्रातच करायची. सिलिंडर उतरवून, व्हॉल्व्ह काढून, आतून तपासून पाण्याच्या दाबाखाली तो किती फुगतो आणि दाब सोडल्यावर कितपत मूळ आकाराला येतो, हे मोजतात. नेहमीचा दाब २०० बार असतो, चाचणीचा त्याहून बराच जास्त. नापास झालेला सिलिंडर केंद्राकडून निकामी केला जातो. "माझा परत द्या, मी वापरीन" असा आग्रह धरू नका.

तिसरी, पेट्रोलवर गाडी चालते का? वर्षानुवर्षे फक्त गॅसवर चालवलेल्या गाडीत टाकीतले पेट्रोल शिळे होते, पंप जाम होतो आणि इंजेक्टरना चिकट थर बसतो. तपासणीच्या दिवशी पेट्रोलवर गाडी धापा टाकते. महिनाभर आधी टाकीतले जुने पेट्रोल काढून ८-१० लिटर ताजे भरा, फिल्टर बदला आणि रोज सुरुवातीचे काही किलोमीटर पेट्रोलवरच चालवा.

गॅसच्या गळतीसाठी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा. डिकीत सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवतीची प्लास्टिकची पिशवी फाटलेली नको, आणि तिची नळी गाडीबाहेर उघडलेली हवी. गळलेला गॅस केबिनमध्ये न येता बाहेर जावा यासाठीच ती असते.

पीयूसी नापास येते. काय करावे?

आधी गाडी धुराच्या नियमांच्या कोणत्या टप्प्याची (भारत स्टेजची) आहे ते पाहा. भारत स्टेज ४ देशभर लागू झाले ते एप्रिल २०१७ मध्ये. एप्रिल २०१० मध्ये ते मोजक्या शहरांत आले. त्यात अहमदाबाद आणि सुरत होती, बडोदे नव्हते. म्हणून २०१०-११ च्या इथल्या पुष्कळ गाड्या स्टेज ३ च्या आहेत. स्टेज २ आणि ३ च्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. स्टेज ४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. केंद्रावर चुकीचा टप्पा निवडला तर चांगली गाडीही नापास होते, म्हणून स्क्रीनवर काय निवडले ते बघा.

पेट्रोल गाडी थंड असताना तपासू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. १५ मिनिटे चालवून लगेच तपासणी करा, रांगेत इंजिन बंद करून थांबू नका. तरीही आकडे वर आले तर एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने पाहा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. फक्त हायड्रोकार्बन जास्त म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. सायलेन्सर दुरुस्तीच्या वेळी कन्व्हर्टर काढून तिथे रिकामा पाइप जोडलेला निघतो, हेही वारंवार आढळते. तसे असेल तर दुसरा काही इलाज नाही, नवा बसवावा लागतो.

डिझेलला जुन्या गाडीत ६५ आणि स्टेज ४ मध्ये ५० हार्ट्रिज (धुराची दाटी मोजायचे एकक) एवढ्या धुराची मर्यादा आहे.

आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतो. कर्ज कधीच फिटले आहे.

बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. पत्र जुने झाले असेल तर बँक नवे देते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेकडून घ्या.

गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत.

आधी वारसाच्या नावावर करा: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती. मृत व्यक्तीच्या नावाने सही करून नूतनीकरण उरकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. उद्या अपघात झाला तर विम्याच्या दाव्याला तीच सही आडवी येईल.

गाडी एमएच पासिंगची आहे आणि आम्ही बडोद्यातच राहतो.

दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्या, मग इथे फॉर्म २७ आणि गुजरातचा कर भरा. १५ वर्षे संपायला सहा-आठ महिने असतानाच हे करा. मुदत संपलेल्या गाडीची ना-हरकत काढणे फार त्रासाचे जाते. महाराष्ट्रातच नूतनीकरण करणार असाल तर तिथला पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

मुदत संपून वर्ष झाले. गाडी कधीतरी भाजी आणायला काढतो, काय बिघडते?

नोंदणीची मुदत संपलेली गाडी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेली गाडी. कलम १९२ प्रमाणे पहिल्यांदा दंड २,००० ते ५,००० रुपये. पण दंडाहून मोठा धोका विम्याचा आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाड्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०२१ मध्ये विमा कंपनीने दावा नाकारणे योग्य ठरवले आहे. तपासणीला नेतानाही गाडी चालवत नेण्यापेक्षा उचलून नेणे शहाणपणाचे.

एजंटाला गाडी देऊन टाकली तर?

अर्ज भरायला कोणाची मदत घ्या, त्यात वावगे काही नाही. पण तपासणीला गाडीबरोबर स्वतः जा. काय नापास झाले ते तपासणाऱ्याच्या तोंडून ऐकले की दुरुस्ती नेमकी करता येते. दुसऱ्याच गाडीचे टायर तात्पुरते चढवून "पास करून आणली" असे जे होते, त्यात फसतो तो गाडीत बसणारा.

नापास झाली तर?

दोष लेखी मिळतात. ते दुरुस्त करून फी भरून पुन्हा तपासणी घ्यायची. दुरुस्तीची बिले जपून ठेवा.

आजोबांची १९६० च्या दशकातली गाडी आहे. तिलाही हेच नियम?

५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रचना न बदललेली गाडी जुलै २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात "व्हीए" ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. रोज चालवायची असेल तर साधे नूतनीकरणच करा.

खर्च परवडत नाही, गाडी काढूनच टाकायची आहे.

सांगाडा सडला असेल तर तोच योग्य निर्णय. पण कबाड्याला किल्ली देऊन मोकळे होऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी तिथे दिल्याचा दाखला) घ्या. नवी खासगी गाडी घेताना त्यावर मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. आरसी रद्द झाल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ती होईपर्यंत त्या नंबरावर येणारे प्रत्येक चलन तुमच्याच नावाने येते.